कॉलेजचा काउन्सेलर की बाहेरचा? आम्ही काय केलं

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात हॉस्टेलवर. आम्ही दोघं साताऱ्यात. दिवाळीला आला तेव्हा फराळाची ताटली तशीच राहायची, दुपारी दोनपर्यंत झोप आणि रात्रभर गच्चीवर. तीन विषय राहिलेत हे त्याच्या तोंडून नाही, मार्कशीटवरून कळलं. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "बाबा, मला कोणाशी तरी बोलायचंय. पण तुमच्याशी नाही."

हे वाक्य गळ्याखाली उतरायला मला आठवडा लागला. तुम्हीही त्याच आठवड्यात असाल, तर कुठे पाठवायचं याची गडबड करू नका. काउन्सेलरकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे आणि काउन्सेलर गोळ्या देत नाही, एवढं तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालतो. (गोळ्यांचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं. गरज पडली तर काउन्सेलरच तिकडे पाठवतात.)

आम्ही सुरुवात कॉलेजपासून केली. पैसे नाहीत, दोन लेक्चरच्या मधे जाऊन येता येतं. शिवाय कॉलेजातल्या माणसाला एटीकेटी म्हणजे काय, सबमिशनच्या आठवड्यात पोरांची काय दशा होते, हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या मॅडम खरंच चांगल्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विभागात बोलून त्याला सबमिशनला पंधरा दिवस वाढवून दिले. बाहेरच्या कुणाला हे जमलं नसतं, हे कबूल करायला हवं. आता तर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्यामुळे "आमच्याकडे तशी सोय नाही" हे ऐकून परत फिरू नका.

मग घोडं अडलं कुठे? एका रजिस्टरवर.

मॅडमची खोली ऑफिसच्या पॅसेजमध्ये, स्कॉलरशिपच्या खिडकीसमोर. दाराबाहेर टेबल, टेबलावर लांबलचक रजिस्टर, पेन सुतळीने बांधलेलं. नाव, रोल नंबर, वर्ष, वेळ, आणि शेवटचा रकाना: 'भेटीचे कारण'. पहिल्या दिवशी मी सोबत होतो म्हणून पाहिलं. वरच्या ओळींत 'पर्सनल', 'पर्सनल', 'डाऊट', आणि एकाने चक्क 'बोनाफाईड' लिहिलेलं. बोनाफाईड मिळतं तीन खिडक्या पलीकडे. आमच्या चिरंजीवांनी पेन हातात धरून जरा वेळ काढला आणि तेही 'बोनाफाईड' लिहून मोकळे झाले. मी हसलो. तेव्हाच समजायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी स्कॉलरशिपच्या रांगेतल्या वर्गमित्राने विचारलं, "तू इथे काय करतोयस रे?" त्यानंतर हा गेलाच नाही. आम्हाला मात्र महिनाभर "हो, चालू आहे" सांगत राहिला. मॅडमची त्यात काही चूक नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण ते रजिस्टर ठेवणाऱ्याच्या कानावर तो आला नसावा. शिवाय मॅडम कंत्राटी, एप्रिलअखेर त्यांची मुदत संपणार होती.

मग बाहेरच्या काउन्सेलर ताई शोधल्या. त्या कर्वे रोडला दुसऱ्या मजल्यावर बसतात. खाली चष्म्याचं दुकान. जिना चढताना कोणी पाहिलंच, तर पोराचा नंबर वाढला असेल एवढंच वाटणार. तोटे आहेतच. आमच्याकडून एका बैठकीचे बाराशे घेतले जातात, आणि सुरुवातीला दर आठवड्याला जावं लागत होतं. हॉस्टेलवरून पीएमपीच्या बसने पाऊण तास. काउन्सेलर अशी पाटी लावायला फारसं काही लागत नाही, म्हणून शिक्षण काय झालंय ते सरळ विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

पहिल्या बैठकीनंतर मी विचारलं, "काय म्हणाला तो?" ताई म्हणाल्या, "तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या जिवाला धोका वाटला तर त्याच रात्री तुम्हाला फोन करीन. बाकीचं त्याला वाटलं तर तो सांगेल." खरं सांगतो, डोकं फिरलं. पावती माझ्या नावाची आणि माहिती शून्य! साताऱ्यापर्यंत बसमध्ये धुसफुसत आलो. पण कॉलेजात नेमकं हेच मिळालं नव्हतं, आणि पोरगा ताईंकडे जात राहिला तो याच्यावरच. मार्चमध्ये स्वारगेटला एसटीची वाट बघताना, मी काही न विचारता, त्याने पहिल्या वर्षी हॉस्टेलवर काय झालं ते सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

तिसरा पर्याय फोनचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. मुलाने तो वापरला नाही. चौघांच्या खोलीत फोनवर काय बोलणार, आणि बाहेरच्या ताईंशी ऑनलाइन बोलून पाहिलं तेव्हाही तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचा. वापरला मी. एका रात्री त्याचा फोन बंद लागत होता. समोरच्या बाईंनी आधी मला शांत केलं, मग हॉस्टेलच्या रेक्टरना कसं विचारायचं ते सांगितलं. पुढच्या वेळी दुसरंच कोणी भेटलं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. अडीनडीला उत्तम, पण दर आठवड्याला बोलायला मुलाला ओळखीचं माणूस हवं, असं माझं मत झालंय.

बाराशे रुपये सगळ्यांना झेपणार नाहीत, याची जाणीव आहे. पोरगं मोकळेपणाने जात असेल तर कॉलेजचंच चालू ठेवा, माझा काही आग्रह नाही. फक्त ॲडमिशनच्या किंवा पालकसभेच्या निमित्ताने जाल तेव्हा ती खोली कुठे आहे ते बघून या. बाहेर रजिस्टर असेल तर त्याचा शेवटचा रकाना वाचा, आणि किती पोरांनी 'बोनाफाईड' लिहिलंय ते मोजा.