तेच पेडलबोर्ड, दोन अ‍ॅम्प: ट्यूब आणि सॉलिड स्टेटवर काही महिने वाजवल्यानंतर

फेंडरचा ब्लूज ज्युनिअर हा गिटार अ‍ॅम्प माझ्याकडे आधीपासून होता. पावसाळ्याच्या तोंडावर रोलंडचा जेसी-४० घेतला आणि तेव्हापासून एकच पेडलबोर्ड (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी) कधी याला, कधी त्याला लावतोय. पहिला १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा: आत तीन १२एएक्स७ आणि दोन ईएल८४ या पॉवर ट्यूब. दुसरा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, ४० वॅट, दहा इंची दोन स्पीकर. यातला चांगला कोणता, असं मित्र विचारतात. मी उलट विचारतो, तुझ्याकडे पेडल कोणती आहेत?

सगळ्यात जास्त फरक ट्यूब स्क्रीमर (टीएस) या ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फोडणाऱ्या, पेडलवर कळतो. त्याच्या टीएस-९ या मॉडेलचा ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल पूर्ण, आणि ब्लूज ज्युनिअर क्रंचच्या, म्हणजे आवाज किंचित फुटण्याच्या, उंबरठ्यावर: नोट लांबते, पिक जोरात मारला की आवाज फुटतो, हलका मारला की साफ होतो. हेच सेटिंग जेसीवर लावलं की आवाज बारीक आणि गेंगाणा होतो. पेडल दोन्हीकडे काम तेच करतं: खालचा बेस कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड पुढे आणतं. ट्यूब अ‍ॅम्पवर जोर दिला की त्याचा बेस सैल पडतो, जाड तारा गढूळ वाजायला लागतात. तो बेस टीएस आधीच छाटून टाकतं आणि वाढलेला सिग्नल पहिल्या ट्यूबला आणखी क्लिप करतो, म्हणजे सिग्नलची टोकं छाटली जाऊन आवाज फुटतो. म्हणजे आपल्याला आवडतो त्या ओव्हरड्राइव्हचा मोठा वाटा अ‍ॅम्पचा असतो. जेसीचा बेस सैल पडतच नाही, आणि हेडरूम (आवाज फुटण्याआधीची मोकळी जागा) इतकी आहे की जास्त सिग्नल दिला तर तो फक्त मोठ्याने वाजतो. मग कापलेला बेस तेवढा कानाला जाणवतो. म्हणून सॉलिड स्टेट अ‍ॅम्प असलेल्यांनी केवळ नाव ऐकून ट्यूब स्क्रीमर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅट या डिस्टॉर्शन पेडलचं गणित वेगळं. त्यात डायोडचं हार्ड क्लिपिंग आहे, डिस्टॉर्शन पेडलमध्येच पूर्ण तयार होतं, अ‍ॅम्पने फक्त ते मोठं करायचं. जेसीवर ते सुरेख वाजतं, पण वरची किरकिर आवरावी लागते. गिटार अ‍ॅम्पचा नेहमीचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने उतरवतो. जेसीचा आवाज मात्र वरपर्यंत लख्ख असतो, म्हणून डिस्टॉर्शनचा सगळा खरखरीतपणा समोर येतो. रॅटचा फिल्टर नॉब उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. ब्लूज ज्युनिअरवर तो मी मध्यावर ठेवतो, जेसीवर बराच पुढे नेतो. त्यानंतर बॉसचा जीई-७ ईक्यू (आवाजाचा प्रत्येक पट्टा वेगळा कमी-जास्त करणारं पेडल): ६.४ किलोहर्ट्झ पूर्ण खाली, ३.२ किलोहर्ट्झ थोडा खाली, २०० हर्ट्झ किंचित वर. एवढ्यावर त्या अ‍ॅम्पवरचं डिस्टॉर्शन पार बदललं. नवीन ड्राइव्ह पेडल घेण्याआधी ईक्यू घ्या, हे मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

डिलेमध्ये, म्हणजे नोटचे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलमध्ये, जेसी सरळ पुढे आहे. ब्लूज ज्युनिअरला इफेक्ट्स लूप (अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यानंतर पेडल लावायची सोय) नाही, त्यामुळे डिले इनपुटच्या आधीच लावावा लागतो. अ‍ॅम्प साफ असेल तोवर ठीक. तो क्रंचमध्ये गेला की विरत जाणारे रिपीट दाबले जाऊन जवळजवळ मूळ नोटइतकेच मोठे ऐकू येतात, आणि कॉर्ड वाजवल्यावर नुसता गोंधळ. जेसीत एकेक रिपीट वेगळा ऐकू येतो, शिवाय स्टिरिओ इनपुट आहेत. पिंगपाँग डिले दोन स्पीकरमध्ये फिरताना ऐकण्याचा आनंद मला फार मोठा वाटतो.

आवाजाबद्दल. ट्यूबचा वॅट मोठा असतो असं सर्रास म्हणतात. वॅट हा वॅटच असतो. ट्यूब अ‍ॅम्प आपण क्लिपिंगमध्ये जाऊनही वाजवत राहतो, म्हणून तो जास्त मोठा वाटतो. पॉवर दुप्पट झाली तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, त्यामुळे फ्लॅटमध्ये १५ वॅटसुद्धा भरपूर होतात. मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्पचा पहिला टप्पा) फोडता येतो, पण ईएल८४ वर जोर आल्यावरची मजा जॅम रूममध्येच. घरी रात्री हळू वाजवायचं असेल तर जेसी आणि रॅट ही जोडी मला जास्त समाधान देते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून अ‍ॅम्प मागवणार असाल तर मागच्या पॅनेलवरचं व्होल्टेज वाचा. तिथला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० वर थेट लावला तर जळेल; पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

बोर्डवर आता टीएस आहे ते फक्त ब्लूज ज्युनिअरसाठी. कोरस पेडल (एका गिटारचा आवाज अनेक गिटार वाजल्यासारखा करणारं) काढून टाकलं. बॉसचं पहिलं कोरस पेडल, १९७६ चं सीई-१, मुळात १९७५ च्या जेसी-१२० मधल्या कोरस सर्किटवरूनच आलेलं, आणि जेसी-४० चा स्टिरिओ कोरस ऐकल्यावर वेगळं पेडल ठेवायचं कारणच उरलं नाही.