एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक : परतीचे दिवस आणि आमचे गाईड

आम्ही दोघी जावा. मी त्रेपन्न वर्षांची, धाकटी सत्तेचाळीसची. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या एका कंपनीबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला. ग्रुपमध्ये आठ जण, एक मुख्य गाईड, एक असिस्टंट गाईड आणि चार पोर्टर. नामचेचा चढ, तेंगबोचेचा मठ, डिंगबोचेचा विश्रांतीचा दिवस, हे सगळं छानच झालं आणि त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलेलं आहे. मला लिहायचंय ते आठव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढचं. पैसे भरताना आम्ही सगळी चौकशी चढायच्या दिवसांची केली होती. उतरायच्या दिवसांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या ऑफिसबद्दल माझी तक्रार आहे, ती मी त्यांना सविस्तर लिहून पाठवली आहे. पण ज्यांच्यामुळे आम्ही दोघी धडधाकट घरी आलो ते आमचे मुख्य गाईड, दाई, अजून तिथेच नोकरी करतात. (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच लहान, तरी सगळे म्हणायचे म्हणून मीही दाईच म्हणायला लागले.)

आठव्या दिवशी सकाळी लोबुचेहून निघालो, गोरक शेपला जेवलो आणि दुपारी बेस कॅम्पला पोहोचलो. ५,३६४ मीटर. नोव्हेंबरमध्ये तिथे एकही तंबू नव्हता, मोठ्या मोहिमा वसंतात असतात. नुसते दगड, बर्फ, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका आणि समोर खुंबू आइसफॉल, म्हणजे हिमनदीचा तुटक्या बर्फाचा उतार. तिथून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, हे जाणाऱ्यांनी आधीच ठाऊक करून घ्यावं. शिखर बघायला दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर चढायचं असतं. मला बेस कॅम्पपेक्षा त्याचीच ओढ जास्त होती.

चारच्या सुमारास गोरक शेपला परत आलो. धाकटीने लसणाचं सूप समोर घेतलं आणि चमचाही न बुडवता बाजूला सारलं. मी म्हटलं, "दमलीस का?" तर म्हणे, "ताई, थोडं डोकं दुखतंय, झोपले की बरं वाटेल." त्यानंतर पाच मिनिटांत ती उलटी करायला बाहेर धावली. तेव्हा कुठे खरं कळलं. तिचं डोकं आदल्या दुपारपासून, लोबुचेपासूनच दुखत होतं आणि तिने ते अंगावर काढलं होतं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची डायमॉक्सची गोळी, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री चारदा उठावं लागतं म्हणून तिने तीन दिवसांपूर्वी परस्पर बंद केली होती. दाई रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचे : डोकं? झोप? भूक? ती हसून "सब ठीक" म्हणायची. एवढ्या लांब येऊन आपल्यामुळे दुसऱ्यांचा खोळंबा नको, हे तिच्या मनात.

दाईंनी आधी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ७१ आला. पण ते म्हणाले, नुसत्या आकड्यावर जायचं नाही, इथे पंचाहत्तर-ऐंशीवर माणसं हसतखेळत जेवतात. त्यांनी तिला उठवलं. डायनिंग हॉलच्या जमिनीवर लाकडी फळ्या होत्या. दोन फळ्यांमधल्या फटीवरून टाचेला पुढच्या पायाची बोटं लावत चालायला सांगितलं, दहा पावलं. ती चालली. एक, दोन, तीन... सहा पावलं अगदी सरळ. सातव्याला तिचा हात आपोआप टेबलाकडे गेला. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. दाईंनी मात्र आठवं पाऊल टाकू दिलं नाही. म्हणाले, "दिदी, जूते पहनिए. अभी नीचे जाएँगे."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, रात्रभर बघू, सकाळी उजेडात उतरू. तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत समजावलं ते इथे लिहिते, कारण हे प्रत्येकाने जाण्याआधी समजून घ्यायला हवं. झोपेत आपला श्वास मंदावतो, म्हणजे रक्तातला प्राणवायू आणखी खाली जातो. तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असू शकते आणि त्यावर खरा उपाय एकच, उंची कमी करणं. गोळ्या आणि प्राणवायूचा सिलिंडर तेवढा वेळ मिळवून देतात.

त्याच वेळी काठमांडूच्या ऑफिसचा फोन आला आणि माझी तक्रार इथून सुरू होते. ऑफिसमधल्या माणसाचं म्हणणं, इन्शुरन्स आहे ना, मग आज रात्री तिथेच थांबवा, सकाळी हेलिकॉप्टर पाठवतो. अंधारात हेलिकॉप्टर येत नाही, म्हणजे ५,१६४ मीटरवर आणखी एक अख्खी रात्र. दाईंनी शांतपणे सांगितलं की पेशंट शुद्धीत आहे, आज उतरवता येतंय, मी उतरवतोय. फोन ठेवला आणि लगेच खालच्या फेरिचे गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरांना लावला. त्यांनी सांगितलेली गोळी दिली. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून इन्शुरन्सचे पैसे काढण्याच्या प्रकारांची नेपाळ सरकारनेच २०१८ मध्ये चौकशी केली होती. आमच्या बाबतीत ऑफिसच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण सल्ला चुकीचा होता आणि तो मोडणं ज्यांच्या नोकरीवर बेतू शकलं असतं त्यांनीच तो मोडला.

पाच वाजता निघालो. दाई, एक पोर्टर आणि आम्ही दोघी. असिस्टंट बाकीच्या सहा जणांबरोबर थांबला. ग्रुपला गाईड एकच असता तर? एक तर सगळ्यांना उतरावं लागलं असतं, नाहीतर धाकटीला थांबावं लागलं असतं. म्हणून बुकिंग करताना हा प्रश्न आवर्जून विचारा : एक माणूस आजारी पडला तर त्याच्याबरोबर कोण उतरतं आणि बाकीच्यांबरोबर कोण राहतं? उत्तर अडखळत आलं तर दुसरी कंपनी बघा.

गोरक शेपहून लोबुचेकडे येताना हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचा ढिगारा ओलांडावा लागतो. सारखं वर-खाली, पायाखाली सुटे दगड. तिथे पोर्टरने तिला पाठुंगळी घेतलं. एरवी तो डोक्याला पट्टा लावून आमच्या दोन बॅगा वाहायचा. त्या पट्ट्याला तिकडे नामलो म्हणतात. तोच पट्टा त्याने तिच्या मांड्यांखालून घेऊन कपाळावर अडकवला. मी मागून हेडलॅम्पचा उजेड त्याच्या पायांवर धरून चालत होते. पायात साधे कापडी बूट, अंगठ्यापाशी शिवण उसवलेली. एकदाही पाय घसरला नाही. पण ते बूट मी विसरले नाही. दुसरी तक्रार मी याचीच लिहिली आहे : आमच्याकडून उबदार जॅकेट आणि स्लीपिंग बॅगसाठी कंपनीने पैसे घेतले, मग बोजा वाहणाऱ्याच्या पायात धड बूट का नाहीत?

लोबुचेला साडेसात वाजले. अडीचशे मीटर उतरलो होतो, पण डोकं थांबलं नव्हतं. दाईंनी पाणी पाजलं, सिलिंडर तपासला आणि म्हणाले, आणखी खाली. थुकलाच्या खिंडीत पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर गेलेल्यांच्या आठवणीसाठी तिथे दगडी चौथरे रचलेत. चढताना भर दुपारी आम्ही तिथे बसून नावं वाचली होती. रात्री हेडलॅम्पच्या उजेडात एकेक चौथरा पुढे यायचा आणि मागे जायचा, पताका फडफडत होत्या आणि धाकटी माझा हात धरून चालत होती. उतार होता म्हणून आता तिला स्वतः चालता येत होतं. मी नावं वाचली नाहीत.

दहा वाजता थुकलाला, ४,६२० मीटरवर, लॉजचं दार ठोठावलं. मालकीणबाईंनी शेणी घालून शेगडी पुन्हा पेटवली. पाऊण तासाने धाकटीने स्वतःहून भात मागितला. चार घास खाल्ले, ते पोटात राहिले, आणि माझा जीव भांड्यात पडला. दाई त्या रात्री झोपले नाहीत. दर दोन तासांनी तिला उठवून नाव विचारायचे, बसवायचे, पाणी द्यायचे.

सकाळी दीड-दोन तासांत फेरिचेला आलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासून चालू, सीझनमध्ये डॉक्टर असतात. त्यांनी तपासलं, तिला सरळ रेषेत चालवलं, म्हणाले वेळेत उतरलात. आता हळूहळू खाली जा, पुन्हा वर नाही. दुपारी ते उंचीच्या आजारावर सगळ्यांसाठी माहितीही देतात. चढतानाचा मुक्काम डिंगबोचेला असला तरी एका दुपारी डोंगराच्या धारेपलीकडे येऊन ती ऐकता येते. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं. असायला हवं होतं.

तीनच्या सुमारास बाकीचे लोक काला पत्थर करून आले. चेहरे उन्हाने रापलेले, सगळे एकदम बोलत होते. मी फोटो बघितले. शेजारच्या नुप्त्से शिखराच्या मागून उजेड येतोय आणि मधे एव्हरेस्टचा तो काळा त्रिकोण. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. तेवढ्यासाठी वर्षभर पायऱ्या चढले होते. तरी हेही तितकंच खरं की ज्या गोष्टीचे पैसे मी भरले ती मला मिळाली नाही आणि दाईंना द्यायला माझ्याकडे पाचापेक्षा जास्त तारे असते तर मी दिले असते. आमच्या बॅगा तिघा पोर्टरांवर पडू नयेत म्हणून असिस्टंटने ग्रुपला सांगून आमचं सामान सगळ्यांच्या सॅकमध्ये थोडं थोडं वाटलं होतं. माझी साबणाची डबी एका अनोळखी मुलाच्या सॅकमधून निघाली.

पुढचे दोन दिवस थोडक्यात, पण एक सांगते. चढायला आठ दिवस आणि उतरायला तीन, ही आखणी पन्नाशीच्या गुडघ्यांसाठी योग्य नाही. फेरिचे ते नामचे एका दिवसात. त्यात तेंगबोचेवरून सहाशे मीटर खाली फुंकी थेंगाच्या पुलापर्यंत आणि लगेच पलीकडे पुन्हा चढ. त्या उतारावर बारीक धूळ आणि गोल खडे, ग्रुपमधला एक जण तिथेच बसकण मारून घसरला आणि मनगट सुजवून घेतलं. परतीला एक मुक्काम वाढवून द्या म्हणून आधीच सांगा. शेवटचा दिवसही फसवा आहे. फाकडिंग २,६१० मीटरवर आणि लुक्ला २,८६० वर, म्हणजे संपलं संपलं म्हणताना शेवटी चढच. त्या चढाच्या माथ्यावर पासांग ल्हामू शेर्पा यांच्या नावाची कमान लागते. २२ एप्रिल १९९३ ला एव्हरेस्टवर पोहोचलेल्या त्या पहिल्या नेपाळी बाई. उतरताना गेल्या. धाकटी त्या कमानीखाली बराच वेळ उभी राहिली.

लुक्लाला ढग. विमानं सकाळी उडतात आणि ढग आले की बंद. ५२७ मीटरची उतरती धावपट्टी आहे, तिथे कुणी धोका पत्करावा असं मला मुळीच वाटत नाही. पण कार्यक्रमात राखीव दिवस एकही नव्हता आणि ऑफिस फोन उचलत नव्हतं. दुसऱ्या दिवसाची रामेछापच्या विमानाची तिकिटं दाईंनीच काउंटरवर उभं राहून मिळवली. टिपचंही तसंच. किती, कुणाला, कशी, हे आधी कुणी सांगितलं नाही, शेवटच्या रात्री सगळ्यांची कुजबुज. आम्ही दोघींनी आमच्या पोर्टरचं पाकीट वेगळं दिलं आणि माझे जादा बूट त्याला बसतात का बघितले. नाही बसले. मग लुक्लाच्या बाजारात त्यालाच बरोबर नेलं.

त्या संध्याकाळी लॉजच्या हॉलमध्ये शेगडीभोवती सगळे बसले होते. तिथेही जमिनीला फळ्याच. धाकटी कुणी न सांगता उठली, फटीवर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि टाचेला बोटं लावत चालायला लागली. दाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत मोजलं, ती थांबली नाही, तेही थांबले नाहीत. भिंत आली तेव्हा सोळा झाले होते.