फॅन जर्सी की प्लेयर जर्सी? आणि छातीवर नाव कुणाचं?

फुटबॉल क्लबची जर्सी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न व्हर्जनचा येतो. एकाच डिझाइनच्या दोन जर्सी विकायला असतात. एक प्लेयर व्हर्जन, मैदानावर खेळाडू घालतात तशी. कंपन्या तिला ऑथेंटिक म्हणतात. दुसरी फॅन व्हर्जन, म्हणजे रेप्लिका. किमतीत साधारण दीडपटीचा फरक पडतो. रोज वापरायची असेल तर फॅन व्हर्जनच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, आणि ते फक्त पैसे वाचतात म्हणून नाही.

प्लेयर व्हर्जनचं कापड पातळ, जाळीदार आणि अंगाला घट्ट बसणारं असतं. क्लबचा बिल्ला आणि कंपनीचा लोगो उष्णतेने चिकटवलेले असतात, कारण भरतकामाची मागची बाजू घामाने ओल्या त्वचेवर घासते आणि वजनही वाढवते. मोठ्या क्लबच्या खेळाडूंना ही जर्सी फार दिवस पुरवावी लागत नाही, बरेचजण मध्यंतरातच ती बदलतात. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं धुतली जाणार. मग आधी बिल्ल्याच्या कडा उचकटतात, नंतर जाळीचे धागे बॅगच्या चेनला नाहीतर घड्याळाच्या पट्ट्याला अडकून ओढले जातात. फॅन व्हर्जनचं कापड जाडसर आणि मापाने सैल, बिल्ला बहुतेक वेळा भरतकामाचा. हल्ली काही फॅन जर्सींवरही चिकटवलेला बिल्ला येतो, तेव्हा घेताना बिल्ल्यावरून नख फिरवून बघा. प्लेयर व्हर्जनच हवी असेल तर नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या.

नाव आणि नंबर हा सगळ्यात नाजूक भाग. जर्सीच्या कापडातली नक्षी बहुधा विणलेली किंवा सब्लिमेशनने छापलेली असते. सब्लिमेशनमध्ये रंग साधारण 200 अंशांना वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पाठीवरचा नंबर मात्र वरून चिकटवलेली फिल्म असते. ती चिकटवणाऱ्या गरम प्रेसचं तापमान किंवा दाब कमी पडला तर पहिल्या काही धुण्यांतच कोपरे सुटतात. तापमान जास्त झालं तर लाल जर्सीचा रंग वर चढून पांढरा नंबर हळूहळू गुलाबी दिसायला लागतो. चांगली फिल्म वापरली असेल तर तिच्यात हा रंग अडवणारा थर असतो. छापून घेतलेली जर्सी हातात आली की नंबरचे आतले कोपरे तपासा, 4 आणि 8 च्या पोकळ जागांजवळचे विशेषतः. सुटायची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

अस्सल की फर्स्ट कॉपी हे बघायचं तर आतल्या छोट्या टॅगवरचा कोड इंटरनेटवर शोधा. त्याच जर्सीचे, त्याच हंगामाचे फोटो यायला हवेत. भलताच बूट नाहीतर ट्रॅकपँट समोर आली तर व्यवहार तिथेच थांबवा. कोड जुळला म्हणून निर्धास्तही होऊ नका, हुशार नकली मालावर खरा कोड छापलेला असतो. मग बिल्ल्याची मागची बाजू आणि शिवणींतले सुटे दोरे बघा.

धुणं सोपं आहे, पण जर्सी खराब होते ती इथेच. उलटी करा, 30 अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम खेचून घ्यायचा कापडाचा गुणच जातो. ड्रायर आणि इस्त्री दोन्ही नंबरखालचा गोंद मऊ करतात. ओली जर्सी बॅगेत रात्रभर कोंबून ठेवली तर पॉलिस्टरमधला वास पुढच्या धुण्यातही सहज जात नाही.

आता छातीवरच्या प्रायोजकाच्या नावाविषयी, कारण जर्सी घालून फिरताना आपण त्याची फुकट जाहिरात करतो. बार्सिलोनाने 2006 मध्ये छातीवर युनिसेफचं नाव घेतलं आणि त्यासाठी उलट स्वतःच संस्थेला पैसे दिले. 2011 पासून तिथे कतार फाउंडेशन आलं, या वेळी क्लबने पैसे घेतले. आर्सेनलच्या बाहीवर 2018 पासून 'व्हिजिट रवांडा' ही रवांडाच्या पर्यटनाची जाहिरात झळकू लागली. 2025 च्या फेब्रुवारीत काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पूर्व काँगोतल्या युद्धात रवांडा बंडखोरांना साथ देतो असा आरोप करून आर्सेनल, बायर्न आणि पॅरिसच्या क्लबला रवांडाशी असलेले असे करार मोडायला सांगितलं. बाहीवरचे ते दोन शब्द निव्वळ पर्यटनाची जाहिरात आहेत असं त्यानंतर म्हणता येत नाही.

सट्ट्याच्या कंपन्यांचं तर मला मनापासून खटकतं. स्पेनने 2021-22 पासून जर्सीवरून त्यांना हटवलं. प्रीमियर लीगच्या क्लबनी एप्रिल 2023 मध्ये ठरवलं की 2025-26 चा हंगाम संपला की छातीवर सट्टा नको; बाहीवर मात्र त्याला मुभा ठेवली. इंग्लंडमध्ये मुलांच्या मापाच्या जर्सीवर सट्ट्याचा लोगो आधीपासूनच नसतो. पण अंगाने थोराड असलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मोठ्यांचं स्मॉल घालतो, आणि त्याच्या छातीवर तो लोगो येतोच. पालकांनी शक्य असेल तिथे मुलांचं सगळ्यात मोठं माप आधी घालून बघावं.

नंबर छापून घेण्यातही राजकारण येतं. जर्मनीच्या 2024 च्या युरो स्पर्धेच्या जर्सीवरच्या आकड्यांत 44 हे नाझींच्या एसएस या दलाच्या चिन्हासारखं दिसत होतं. आदिदासने तो नंबर छापून देणं थांबवलं आणि जर्मन फुटबॉल संघटनेने 4 चा आकडा नव्याने आखायला घेतला.

दरवर्षी नवी जर्सी घेण्याची सक्ती कुणावर नाही. ब्रेंटफर्डने 2021-22 ची घरच्या मैदानावरची जर्सी पुढच्या हंगामातही तशीच ठेवली, चाहत्यांचा खर्च वाचावा म्हणून. बाकीच्या क्लबची नवी जर्सी बहुतेक वेळा हंगाम संपता संपता जाहीर होते आणि जुनीची किंमत तेव्हाच उतरते. पाठीवर खेळाडूचं नाव टाकायचं असेल तर खेळाडूंनी क्लब बदलण्याची मुदत संपेपर्यंत थांबा. नाव छापलेली जर्सी बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.