आज देय रक्कम : शून्य

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचे घर आहे आणि मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आहे. विषयाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ज्या व्यवहारात माझे २,७९३ रुपये गेले त्यातली आकडेमोड पाचवीच्या मुलालाही जमली असती, आणि ती करण्याची तसदी मी घेतली नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा, सून आणि अडीच वर्षांचा नातू पुण्याहून आले होते. नातवाला फटाक्यांच्या आवाजाची फार भीती वाटते. नरकचतुर्दशीला पहाटेच गल्लीत लडी वाजू लागल्या आणि त्याने जे रडणे सुरू केले, ते फराळाच्या बशा भरेपर्यंत थांबेना. सून स्वयंपाकघरात होती, मुलगा आलेल्या मंडळींशी बोलत बसला होता आणि नातू माझ्या कडेवर होता. मी माझ्या मोबाइलवर प्ले स्टोअर उघडले आणि लहान मुलांसाठी दिवाळीचा खेळ शोधला. पहिल्या काही नावांतच एक मिळाला. पणतीवर बोट ठेवले की ती उजळायची, आकाशकंदील डोलायचा, भुईनळा उडायचा आणि आवाज मात्र घुंगरांएवढाच. नातू गप्प झाला आणि मला आपल्या हुशारीचे कौतुक वाटले.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. पणत्यांमागे घर होते, तुळशीवृंदावन होते आणि त्या सगळ्यावर आकाशातून बर्फाचे कण पडत होते. हा मुळात नाताळचा खेळ होता. झाडाच्या जागी कंदील आणि घंटेच्या जागी पणती बसवून तो दिवाळीचा केला होता आणि बर्फ काढायचा राहून गेला होता. सणासुदीचे असे अनेक खेळ एकाच साच्यातून काढलेले असतात. साचा एकच असण्यात काही गैर नाही. परंतु ज्याने खेळ नीट पाहिलासुद्धा नाही, त्याने तो मुलांसाठी केला की सणाच्या गर्दीतल्या आईवडिलांसाठी, हा प्रश्न मला त्या पहाटे पडला नाही.

तीन पणत्या लागल्या आणि चौथीवर कुलूप आले. नातवाने त्यावर बोट आपटले, पुन्हा आपटले आणि सूर लावला. मग पडद्यावर एक पाटी आली : पुढे जाण्यासाठी मोठ्यांनी उत्तर द्यावे, आठ गुणिले सात किती? लहान मुलांच्या खेळांत असे गणित मूल चुकून खरेदीच्या पानावर पोहोचू नये म्हणून घालतात. मी क्षणात छप्पन्न लिहिले. आमच्या ‘छप्पन दुकान’ या प्रसिद्ध खाऊगल्लीमुळे इंदूरकराला हे उत्तर पाढे न येताही देता येईल. मुलाला अडवण्यासाठी लावलेले कुलूप अशा रीतीने आजीनेच उघडले.

पुढच्या पानावर लक्ष्मीचे चित्र, ‘दिवाळी भेट’ हे शब्द, दहा मिनिटांवरून उलटे धावणारे घड्याळ आणि ‘मोफत सुरू करा’ असे भलेमोठे हिरवे बटण होते. बंद करण्याची फुली कोपऱ्यात होती, पण ती फिकट होती आणि थोड्या वेळाने उमटली. बटणाच्या वर ठळक अक्षरांत लिहिले होते : आज देय रक्कम शून्य. बटणाखाली बारीक करड्या अक्षरांत होते की तीन दिवसांनंतर ३९९ रुपये आकारले जातील, आणि त्यापुढे ‘दर आठवड्याला’ हे दोन शब्द होते. त्यानंतरच्या पैसे भरण्याच्या पानावरही तोच मजकूर होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. परंतु शून्य रुपयांसाठी यूपीआयचा पिन का मागतात, एवढासुद्धा विचार न करता, एका हाताने नातवाला सावरत मी तो टाकला. तो पिन शून्य रुपयांसाठी नव्हता. पुढे आपोआप पैसे कापण्याची, म्हणजे ऑटोपेची, ती माझी संमती होती.

तीन दिवसांची मुदत भाऊबीजेला संपली. दुसऱ्या दिवशी मुलाचे कुटुंब पुण्याला परतले आणि मी फोनमधून तो खेळ काढून टाकला. माझ्या समजुतीप्रमाणे विषय तिथेच संपला होता, आणि नेमकी हीच समजूत मला महागात पडली. खेळ काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. वर्तमानपत्र न वाचता रद्दीत टाकले म्हणून महिन्याचे बिल थांबत नाही, तसेच हे आहे. दर गुरुवारी ३९९ रुपये जात राहिले. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तशा सूचना मला आल्याही होत्या. पण त्यांत खेळाचे नाव नव्हते, आणि जाहिरातींच्या संदेशांबरोबर मी त्याही न उघडता पुसत होते. अशा आवर्ती वजावटीत १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. एकदा दिलेली संमती पुरते.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत पासबुक भरून घेतले, तेव्हा सारख्याच रकमेच्या सात ओळी दिसल्या. मुलाला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून ‘पेमेंट आणि सबस्क्रिप्शन’ उघडले, तर तिथे तो खेळ ‘सक्रिय’ म्हणून बसला होता. तो रद्द केला. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची वेगळी यादी असते, तिथेही खात्री करून घेतली. शेवटचे पैसे कापून अठ्ठेचाळीस तास झाले नव्हते, म्हणून प्ले स्टोअरकडेच परताव्याचा अर्ज करता आला आणि ते ३९९ रुपये परत मिळाले. त्याआधीच्या सहा हप्त्यांसाठी खेळ करणाऱ्यांना लिहावे लागते. मी दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला ‘आपला दिवस आनंदात जावो’ असे यांत्रिक उत्तर आले, दुसऱ्याला तेही नाही.

आठवड्याचा दर इतका निरुपद्रवी का वाटतो, याचा मी नंतर विचार केला. ३९९ गुणिले ५२ म्हणजे वर्षाला २०,७४८ रुपये. हा आकडा त्या पानावर असता तर मीच काय, कोणीही ते बटण दाबले नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या अशा रचनांचे तेरा प्रकार नियमावलीत नमूद केले. उलटे धावणारे घड्याळ म्हणजे खोटी घाई आणि रद्द करणे अवघड असलेल्या वर्गणीचा सापळा हे दोन्ही त्यांत आहेत. त्याच आधारावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे.

आता नातवासाठी खेळ घ्यायचा असेल तर तो रडत असताना मी घेत नाही. आदल्या रात्री फोनचे इंटरनेट बंद करून तो स्वतः दहा मिनिटे खेळून पाहते. इंटरनेट बंद असताना जाहिराती सहसा येत नाहीत आणि कुलपे कुठे आहेत तेही कळते. नावाखाली ‘ॲपमधील खरेदी’ असे लिहिले असेल तर तपशिलात जाऊन किमतींचा पल्ला पाहते, आणि अभिप्राय वाचताना पाच तारे सोडून एका ताऱ्याचे आधी वाचते. या खेळाच्या एकतारी अभिप्रायांत ‘काढून टाकला तरी पैसे जातात’ हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत कितीतरी जणांनी लिहिलेले मला नंतर दिसले. एकदाच पैसे भरून मिळणारा खेळ मला आता महाग वाटत नाही. शिवाय प्रत्येक खरेदीला बोटाचा ठसा मागण्याची सोय मी चालू केली आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक पडदा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे, त्यामुळे एक खेळ पुष्कळ होतो.

उरलेल्या २,३९४ रुपयांबद्दल अजून काही कळलेले नाही. काल सहज तो खेळ पुन्हा शोधून पाहिला. पणत्या गेल्या आहेत, तुळशीवृंदावनाच्या जागी सजवलेले झाड आले आहे आणि आठवड्याचा दर ४९९ रुपये झाला आहे. बर्फ मात्र आता योग्य ठिकाणी पडतो आहे.