नाना पेठेतला गाडीच्या सामानाचा बाजार: काय घरी आणावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

पुण्यात राहून ज्यांच्याकडे चारचाकी आहे आणि जे अजून एकदाही नाना पेठेत सामान घ्यायला गेलेले नाहीत, त्यांनी एकदा तरी जायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. स्पेअर पार्ट, वायपर, बल्ब, मॅट, सीट कव्हर, शाम्पू, पॉलिश, हॉर्न, रबरी बीडिंग, बंद पडलेल्या मॉडेलच्या दाराचं हँडल, सगळं चालत फिरता येईल एवढ्या भागात मिळतं. सर्व्हिस सेंटरला "हा पार्ट वेगळा मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल" असं सांगितलेली कितीतरी बारकी बारकी क्लिपं, रबरं, बटणं इथे सुटी मिळतात. पण बाजार जेवढा चांगला तेवढंच तिथे भुलवणारं पण खूप आहे, आणि त्यातलं काही गाडीला नुसतं निरुपयोगी नाही तर सरळ धोक्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जायचं कसं ते. नुसतं सामान घ्यायचं असेल तर कार घेऊन जाऊच नका, टू-व्हीलर घ्या नाहीतर रिक्षाने जा. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूला टेम्पो, माल उतरवणं चालू, आणि सम-विषम तारखेचा बोर्ड न बघता गाडी लावली तर सामान घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी उचललेली असू शकते. जाताना आरसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, चेसिस नंबर त्यात असतोच, कारण एकाच नावाच्या गाडीचे पार्ट सालाप्रमाणे आणि व्हेरियंटप्रमाणे बदलतात आणि "वॅगनआरचं द्या" एवढ्यावर दुकानदार बिचारा काय देणार. त्याहून सोपं म्हणजे जुना पार्ट काढून पिशवीत घालून न्यायचा आणि काउंटरवर नव्याच्या शेजारी ठेवून बघायचा. जुने दुकानदार हातात घेतल्या घेतल्या सांगतात की हा कुठल्या सालचा.

सगळ्यात जास्त पैसा वसूल होणारी वस्तू कुठली विचाराल तर माझ्या मते एसीचा केबिन फिल्टर. सर्व्हिस सेंटरमध्ये फिल्टरची किंमत अधिक लेबर अधिक "एसी डिसइन्फेक्शन" असं धरून बिल फुगतं, आणि काम बघाल तर बऱ्याचशा लहान गाड्यांमध्ये पाच मिनिटांचं सुद्धा नाही. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे एक आडवं प्लास्टिकचं झाकण दिसतं, त्याची क्लिप दाबून झाकण काढायचं आणि फिल्टर ओढायचा. पुण्यातल्या गाडीचा वर्षभर न बदललेला फिल्टर बाहेर आला की बघवत नाही, करडा झालेला, घड्यांमध्ये वाळकी पानं, किड्यांचे पंख, केसांचा गुंता, आणि ही सगळी हवा आपण आणि आपली पोरं आत बसून घेत असतो. नवीन घालताना कडेला छापलेला बाण बघा, हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला तो पाहिजे. फिल्टर तुंबला की ब्लोअर चारवर ठेवूनही हवा येत नाही, वास येतो, आणि पावसात काचेवर धुकं धरतं ते लवकर जात नाही, आणि लोक मात्र एसीचा गॅस गेला म्हणून गॅस भरून घेतात. काही गाड्यांच्या बेस मॉडेलला कंपनीकडून फिल्टर आलेलाच नसतो, तेव्हा आपल्या गाडीला आहे का ते आधी झाकण काढून बघा आणि मगच विकत घ्या.

वायपरचं पण तसंच. इथे चांगल्या कंपनीची ब्लेड छापील किमतीपेक्षा थोडी कमीत मिळतात. ड्रायव्हरकडचं आणि शेजारचं माप बहुतेक गाड्यांना वेगळं असतं त्यामुळे जोडी म्हणून मागा. घरी बदलणार असाल तर एक गोष्ट नक्की करा, ब्लेड काढायच्या आधी काचेवर जाडसर टॉवेल घडी करून टाका. ब्लेड नसलेला लोखंडी आर्म स्प्रिंगने फाडकन खाली आला की थेट काचेवर आपटतो आणि काच तडकते, म्हणजे काही शेकड्यांच्या वायपरपायी काही हजारांची काच.

आता धुण्या-पुसण्याचं सामान. इथे मायक्रोफायबरची फडकी वजनाने जाड-पातळ अशी सगळी मिळतात, हातात घेऊन बघा, पातळ खरखरीत घेऊ नका, जाड लवदार चार-सहा घ्या आणि प्रत्येकाला काम वाटून द्या, रंगाला वेगळं, काचेला वेगळं, आतल्या डॅशबोर्डला वेगळं, टायर आणि रिमला तर पूर्ण वेगळं. आणि हे सांगायचं कारण असं की पुण्यात गाड्यांच्या रंगाची वाट धुण्याने नाही, कोरडं पुसण्याने लागते. जिकडे बघावं तिकडे बांधकाम, खोदकाम, बारीक सिमेंटची धूळ गाडीवर बसते आणि सकाळी सोसायटीत गाड्या पुसायला येणारे दादा एका बादलीत, एकाच फडक्याने ओळीने सगळ्या गाड्या पुसत जातात. त्यांचा दोष नाही, त्यांना मिळणाऱ्या पैशात आणि वेळात तेवढंच होतं. तुम्ही तुमची दोन फडकी त्यांना द्या आणि सांगा, "दादा, माझ्या गाडीला हेच वापरा, आणि आधी पाणी मारा, मग पुसा." माझ्या गाडीला आमचे दादा आता तसंच करतात आणि उन्हात बोनेटवर बारीक ओरखड्यांची जी गोल गोल जाळी दिसायची ती नव्याने पडायची थांबली.

घरी धुताना दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी, फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मग शाम्पूत, म्हणजे खडे परत रंगावर जात नाहीत. वरून खाली या, छत आधी, दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको, त्याने वरचा मेणाचा थर निघून जातो. बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असेल तर उन्हात धुवून तशीच वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे ठिपके काचेवर आणि काळ्या रंगावर असे बसतात की नंतर घासून पण निघत नाहीत. सावलीत धुवा आणि लगेच कोरडी करा. पक्ष्यांची घाण दिसली की त्याच दिवशी ओलं फडकं ठेवून मऊ करून काढा, खरवडू नका.

टायरला चमक आणायचं डबडं किंवा डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश, हे दोन्ही मी घेत नाही. डॅशबोर्ड चमकला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारच्या उन्हात त्रास होतो. वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल मारायची जी पद्धत आहे ती तर कृपया बंद करायला सांगा, लोखंडाला दोन दिवस चमक येते पण सस्पेन्शनचे बुश, सांध्यांवरची टोपणं म्हणजे बूट, हे सगळे रबर आहेत आणि डिझेल लागून लागून रबर फुगतं, मऊ पडतं. तसंच बोनेट उघडून इंजिनावर जोराचा पाण्याचा फवारा, ते पण नको, आजच्या गाड्यांत तिथे सेन्सर आणि कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे खटके, भरलेले असतात, ओल्या फडक्याने पुसलं तरी पुष्कळ आहे.

एक काम असं आहे ज्याला बाजारातलं काहीच लागत नाही पण पावसाळ्याआधी करायलाच पाहिजे. गुलमोहोर नाहीतर पर्जन्यवृक्षाखाली गाडी लागत असेल तर बोनेट उघडून काचेच्या खाली वायपरजवळ जी काळी जाळी असते तिथली पानं हाताने काढा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं जाळीतून आत जाऊन पाणी जायच्या भोकात लगदा करून बसतात, मग पाण्याला वाट मिळत नाही आणि ते ब्लोअरच्या वाटेने आत शिरतं. शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं का होतं हे शोधत लोक दाराचं रबर बदलतात आणि कारण तिथे वर असतं.

पार्टच्या बाबतीत माझा नियम साधा आहे. ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, बेअरिंग, टायमिंगचं सामान, कूलंट हे फक्त कंपनीचं किंवा नावाजलेल्या ब्रँडचं, पक्क्या जीएसटी बिलावर, सील तपासून. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम म्हणून नुसता चकचकीत कागद, आणि किंमत विश्वास बसणार नाही एवढी कमी, असं असलं की उठायचं. बिल मागितल्यावर दुकानदार कुरकुरला तरी उठायचं. ताम्हिणी किंवा वरंधा उतरताना पायाखाली कसले पॅड आहेत याची शंका मनात नको. याउलट दाराचं हँडल, आरशाची काच, मडफ्लॅप, क्लिपं यांना बाहेरचा माल पण चालतो. ऑइलला मात्र दुकानदाराचं ऐकू नका, "हे जाड आहे, इंजिन शांत चालतं" म्हणून २०डब्ल्यू-५० गळ्यात मारतील, आजच्या लहान पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ ग्रेड लागते, मॅन्युअलमध्ये लिहिलेली असेल तीच घ्यायची.

आता गाडी सजवायचं सामान, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गर्दी असते. बाहेर लावलेल्या एलईडी, प्रेशर हॉर्न, अँबियंट लाइट, पोरं तासन् तास उभी असतात. इथल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांशी बोलणं झालं होतं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "कपलरला कपलर लागत असेल तर बसवतो, वायर कापायची असेल तर दुसरीकडे जा." मला वाटतं गाडीला काय लावावं आणि काय नाही याचं याहून चांगलं माप नाही. कंपनीची वायर कापून, इन्सुलेशन सोलून, टेप गुंडाळून जोडलेलं काहीही पावसात शॉर्ट होऊ शकतं, वॉरंटीवर वाद होतो, आणि गाडी पेटली तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच बघतात.

हेडलाइटचं बघा, एच४ हॅलोजनचा मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी १००/९० घातला की होल्डर आणि वायर त्या करंटसाठी बनवलेली नसते, होल्डर वितळतो. आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. रात्री सोलापूर रोडला समोरून असली गाडी आली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. उजेड कमी वाटत असेल तर आधी हेडलाइटची काच बघा, ती प्लास्टिकची असते आणि उन्हाने पिवळी पडते, ती बारीक पॉलिश पेपर आणि पेस्टने साफ करून वरून यूव्ही कोट मारला की मूळ बल्बच चांगला दिसायला लागतो. तो कोट मारल्याशिवाय काम करून घेऊ नका, नाहीतर थोड्याच दिवसांत परत पिवळी.

सीट कव्हर घेताना आधी सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेलं लेबल शिवलेलं आहे का बघा. असेल तर पूर्ण गुंडाळणारं रेक्झिनचं कव्हर नको, एअरबॅग फुटायला वाट पाहिजे. 'सेव्हन-डी' मॅट, म्हणजे गाडीचा अख्खा तळ झाकणारी जाड मॅट, दिसायला भारी पण खालच्या कार्पेटला हवा लागत नाही, पावसाळ्यात ओल राहते आणि कुबट वास सुटतो, शिवाय जाड मॅट ॲक्सिलरेटरखाली अडते का हे बसून पाय दाबून बघा. मी साधी रबरी ट्रे मॅट घेतली, ड्रायव्हरकडे कंपनीच्या हुकात अडकते, उचलून नळाखाली धरली की झालं. पुढच्या बाजूचं लोखंडी गार्ड तर २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राने बेकायदा ठरवलंय, त्याने धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याचं काही खरं नाही, तरी अजून दुकानात टांगलेली दिसतात. काचांवर लावायच्या काळ्या फिल्मचं पण तेच, २०१२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तरी "साहेब, हलकी आहे, पकडत नाहीत" ऐकायला मिळतंच. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के पारदर्शक पाहिजेत, आणि पावसात रात्री साइड आरशात मागची टू-व्हीलर दिसणं हे उन्हापेक्षा महत्त्वाचं आहे.

भावाचं म्हणाल तर कंपनीच्या पार्टला छापील किमतीवर थोडीच सूट मिळते, तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. सजावटीच्या सामानाला मात्र पहिला सांगितलेला भाव कधीच देऊ नका, तीन दुकानं फिरा. एकूण बाजाराला माझ्याकडून पाचपैकी चार, एक कमी केला तो फिटिंगसाठी, कारण फुटपाथवर बसून घाईघाईत काम करून देतात आणि दाराचं ट्रिम काढताना क्लिपं मोडतात. सामान इथून घ्या, बसवून आपल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून घ्या, त्याला लेबर द्या, तो पुढच्या वेळी पण उभा राहील.

आणि वायपर, बीडिंग, मडफ्लॅप घ्यायचं असेल तर मे संपायच्या आत जाऊन या. पहिला पाऊस झाला की अख्खं पुणं एकदम वायपर घ्यायला येतं, तुमचं माप संपलेलं असतं, आणि "हे पण बसेल" म्हणून इंचभर कमी माप हातात देतात.