जुन्या लॅपटॉपचा पडदा: नवी नळी की एलईडी पट्टी?

जुन्या लॅपटॉपचा पडदा सुरू होताना लालसर दिसून पुढे विझू लागला, तर दोष बहुधा पॅनेलच्या कडेला बसवलेल्या, जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या सीसीएफएल नळीत (पडद्याला मागून उजेड देणाऱ्या बारीक फ्लुओरोसंट दिव्यात) असतो. तशीच नवी नळी बसवल्यास रंग मूळच्यासारखे राहतात आणि इन्व्हर्टरही (नळीला उच्च दाबाची वीज पुरवणारे लॅपटॉपमधील छोटे सर्किट) तोच चालतो. मात्र ती नाजूक असते, तिच्यात पारा असतो आणि तिला शेकडो व्होल्टचा दाब लागतो. एलईडी पट्टीला एवढा दाब लागत नाही. परंतु ती परावर्तकाच्या (उजेड पडद्याकडे वळवणाऱ्या पन्हळीच्या) खाचेत नेमकी बसली पाहिजे, आणि तिच्या ड्रायव्हरला (पट्टीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) जुन्या इन्व्हर्टरच्या जोडणीतील चालू-बंद व उजेड कमी-जास्त करण्याचे संकेत दिले नाहीत, तर झाकण मिटल्यावरही पट्टी पेटलेलीच राहू शकते. इन्व्हर्टरही बिघडला असेल, तर मी एलईडीच निवडेन.