क्वार्टरबॅक बदला म्हणणाऱ्यांसाठी मेगाकास्ट

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना ईएसपीएन आपल्या निरनिराळ्या वाहिन्यांवरून एकाच वेळी अनेक प्रकारे दाखवते आणि या एकत्रित सेवेला ‘मेगाकास्ट’ असे नाव आहे. नेहमीचे समालोचन एका वाहिनीवर असते, कधी प्रशिक्षकांची चर्चा दुसरीवर, तर वरच्या कॅमेऱ्यांतून दिसणारा सामना आणखी एका वाहिनीवर असतो. ज्यांनी या वाहिन्यांचे सदस्यत्व घेतलेले आहे, त्यांना यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. जॉर्जिया आणि अलाबामा या विद्यापीठांमध्ये इंडियानापोलिस येथे १० जानेवारी २०२२ रोजी झालेला अंतिम सामना मी याच सेवेवर पाहिला. माझी मुलगी जॉर्जिया विद्यापीठात शिकली, त्यामुळे आमच्या घरात हा खेळ मनापासून पाहिला जातो. त्या रात्री मी एक ठरावीक प्रश्न मनात घेऊन बसलो होतो, आणि त्या प्रश्नाच्या संदर्भातच ही सेवा मला कशी वाटली ते येथे लिहीत आहे.

प्रश्न असा होता की, जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी स्टेट्सन बेनेट यालाच क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे आक्रमण चालवणारा व पास फेकणारा खेळाडू म्हणून, कायम ठेवले, ते बरोबर होते का? त्याआधी ४ डिसेंबर २०२१ रोजी अटलांटा येथे याच दोन संघांमध्ये झालेल्या एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे या दोन्ही विद्यापीठांची परिषद) विजेतेपदाच्या सामन्यात जॉर्जियाचा ४१-२४ असा पराभव झाला होता. तोपर्यंतचे बाराही सामने जिंकलेल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी सात गुणही न देणाऱ्या संघाचा असा पराभव झाल्यावर सगळे खापर बेनेटच्या माथी फुटले. त्याने त्या दिवशी ३४० यार्ड पास केले होते आणि तीन टचडाउन दिले होते, परंतु त्याचे दोन पास अलाबामाने अडवले, म्हणजे मध्येच झेलले, आणि त्यांपैकी एक जॉर्डन बॅटलने ४२ यार्ड पळवत नेऊन थेट टचडाउन केला, हेच सर्वांच्या लक्षात राहिले. शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, मध्ये एक वर्ष मिसिसिपीतील कनिष्ठ महाविद्यालयात खेळून परतलेला, उंचीने बेताचा असा हा मुलगा एकीकडे, तर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला आणि हंगामाचा पहिला सामना सुरुवातीपासून खेळलेला जे. टी. डॅनियल्स बाकावर बसलेला दुसरीकडे, अशी ती तुलना होती. डॅनियल्सला संधी द्यावी असे मलाही वाटत होते, आणि ते मी ठामपणे बोलून दाखवले होते.

ही मागणी केवळ रागातून आलेली नव्हती, हे जॉर्जियाचा इतिहास माहीत असलेल्यांना समजेल. जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरात जेलन हर्ट्सला बसवून टुआ टॅगोवायलोआ या नवख्या मुलाला उतरवले आणि जॉर्जिया जादा वेळेत २६-२३ अशी हरली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एसईसीच्या अंतिम सामन्यात नेमके उलटे घडले. जखमी टुआच्या जागी हर्ट्स आला आणि जॉर्जिया ३५-२८ अशी हरली. हे दोन्ही सामने अटलांटाच्या त्याच मैदानावर झाले होते, जेथे २०२१ चा पराभवही झाला. शिवाय जॉर्जियात क्वार्टरबॅक म्हणून जेक फ्रॉमला प्राधान्य मिळाल्यामुळे दुसरा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स ओहायो स्टेट विद्यापीठाला निघून गेला होता, तेही लोक विसरले नव्हते. क्वार्टरबॅक बदलला की सामना फिरतो हे ज्यांनी दोनदा डोळ्यांदेखत पाहिले होते, त्यांनी तीच मागणी आपल्या प्रशिक्षकाकडे करावी, यात आश्चर्य नव्हते.

आता सेवेकडे वळतो. नेहमीच्या प्रक्षेपणात क्रिस फाउलर आणि कर्क हर्बस्ट्रीट यांचे समालोचन उत्तम असते, त्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु या खेळाच्या चित्रणाची रीतच अशी आहे की, कॅमेरा चेंडूमागे जातो आणि चेंडू बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्या हातात असतो. पास अडवला गेला की पडद्यावर त्याचा चेहरा येतो. पास घ्यायला धावणारे खेळाडू मैदानाच्या पुढच्या भागात कोणाच्या पहाऱ्यात अडकले होते, हे त्या चित्रात मावतच नाही. डिसेंबरचा सामना मी अशाच चित्रणातून पाहिला होता. क्वार्टरबॅक चुकला, हा निष्कर्ष त्या चित्रणातून जवळजवळ आपोआप निघतो.

मेगाकास्टमधील ‘फिल्म रूम’ हा भाग यावरचा सर्वांत चांगला उपाय ठरला. येथे इतर महाविद्यालयांचे प्रशिक्षक एकत्र बसून सामना पाहत होते आणि प्रत्येक चालीआधी व नंतर ती समजावून सांगत होते. बचावातील दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) किती मागे उभे आहेत, त्यांतला एक स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या, क्षणी पुढे सरकतो का, त्यामुळे कोणती बाजू मोकळी होते, याकडे हळूहळू आपलेही लक्ष जाऊ लागते. पहिल्या सत्रात मला निम्मेच कळत होते, हे खरे आहे. त्यांची परिभाषा कठीण होती आणि ती उलगडून सांगायला ते थांबत नव्हते. तरीही दुसऱ्या सत्रापर्यंत मी बेनेटचे हात पाहणे सोडून त्याच्यासमोरची रचना पाहू लागलो होतो, आणि एवढा बदल एका रात्रीत घडवणारे दुसरे प्रक्षेपण मला ठाऊक नाही.

वरच्या कॅमेऱ्यांची दोन प्रक्षेपणे आहेत. ‘ऑल-ट्वेंटीटू’मध्ये बावीसही खेळाडू एका चौकटीत दिसतात, परंतु आकृत्या इतक्या लहान होतात की मोठा पडदा नसेल तर क्रमांक वाचता येत नाहीत. ‘स्कायकास्ट’ मात्र अप्रतिम आहे, कारण क्वार्टरबॅकच्या पाठीमागून आणि थोड्या उंचावरून मैदान पाहताना त्याला जे दिसते तेच आपल्याला दिसते आणि त्याला किती कमी वेळ मिळतो हे अंगावर येते. चौथ्या सत्रात अलाबामाच्या क्रिश्चन हॅरिसने बेनेटला पकडले, खाली पडता पडता त्याच्या हातून चेंडू सुटला आणि त्याचा सहकारी ब्रायन ब्रँचने तो सीमारेषेजवळ उचलला. पंचांनी रिप्ले पाहूनही फंबलचा निर्णय कायम ठेवला, आणि थोड्याच वेळात अलाबामाने १८-१३ अशी आघाडी घेतली. डिसेंबरमधला मी असतो तर त्याच क्षणी डॅनियल्सचे नाव घेतले असते. पाठीमागच्या कोनातून पाहिल्यावर आधी दिसली ती बेनेटचे रक्षण करणाऱ्या त्याच्याच खेळाडूंची कोसळलेली रांग, आणि त्यानंतर बेनेटची घाई. चूक त्याचीही होती, पण ती एकट्याची नव्हती.

त्यानंतरच्या आक्रमणात अलाबामाचा खेळाडू स्नॅपआधीच रेषा ओलांडून आला. अशा वेळी चाल फसली तरी दंडामुळे ती पुन्हा खेळता येते, म्हणून आक्रमक संघाला कोणताही तोटा संभवत नाही, आणि बेनेटने ते ओळखून चेंडू लांब फेकला. अडोनाय मिचेलने तो घेऊन ४० यार्डांचा टचडाउन केला. पुढे ब्रॉक बाउअर्सला १५ यार्डांचा पास मिळाला, केली रिंगोने अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग याचा पास अडवून ७९ यार्ड पळवत नेला, आणि ३३-१८ असा सामना संपून जॉर्जियाला १९८० नंतरचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. या सामन्यात बेनेटचा एकही पास अडवला गेला नाही. पण माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला दुसऱ्याच आकड्यात सापडले. डिसेंबरमध्ये जॉर्जियाच्या बचावाला ब्राइस यंगला एकदाही पाडता आले नव्हते आणि त्याने ४२१ यार्ड पास केले होते. या सामन्यात त्याला चार वेळा पाडले. बॅटलचा तो टचडाउन होण्याआधीच अलाबामाचे ३१ गुण झालेले होते, हे मी त्या रात्रीनंतर प्रथमच नीट तपासले. स्मार्ट स्वतः बचावाचे प्रशिक्षक म्हणून घडलेले आहेत, आणि दुरुस्ती कोठे हवी हे त्यांनी आमच्या आधी ओळखले होते.

अलाबामाचे दोन प्रमुख पास-झेल खेळाडू जखमी होते, जॉन मेची डिसेंबरपासून आणि जेमिसन विल्यम्स अंतिम सामन्याच्या दुसऱ्या सत्रापासून, हेही सांगितले पाहिजे. त्यामुळे केवळ निकालावरून स्मार्ट यांचा निर्णय योग्य ठरला असे मी म्हणणार नाही. डॅनियल्स खेळला असता तर काय झाले असते, हे कोणताही कॅमेरा दाखवू शकत नाही, आणि प्रशिक्षक ज्या सरावावरून निवड करतात तो सराव तर प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. या सेवेची एक मर्यादा ही आहे. दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. एवढा सगळा थाट मुख्यतः राष्ट्रीय अंतिम सामन्यासाठी असतो, तर क्वार्टरबॅक बदलण्याचे वाद हंगामभर, साध्या शनिवारच्या सामन्यांनंतर पेटतात. निदान परिषदांच्या अंतिम सामन्यांना तरी पाठीमागच्या कॅमेऱ्याचे प्रक्षेपण मिळावे, अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे.

स्थानिक रेडिओच्या समालोचनासह चित्र पाहण्याची सोयही आहे. आपल्या संघाचा आवाज ऐकायचा असेल तर ती चांगली आहे, पण निर्णय तपासण्यासाठी तिचा उपयोग नाही. पडद्याचे तुकडे करून आकडेवारी दाखवणारे प्रक्षेपण मला गर्दीचे वाटले.

ज्यांना ही सेवा वापरायची आहे त्यांनी पहिले सत्र नेहमीच्या समालोचनावर पाहावे, म्हणजे सामन्याची लय कळते. दुसऱ्या सत्रात ‘फिल्म रूम’ असेल तर ती लावावी आणि शेवटच्या सत्रासाठी मोठ्या पडद्यावर ‘स्कायकास्ट’ ठेवावे. भारतातील नातेवाइकांशी फोनवर बोलत सामना पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, हा सामना तेथे मंगळवारी सकाळी सुरू होतो; २०२२ मध्ये तो साडेसहाच्या सुमारास सुरू झाला होता. माझा पुण्यातील भाऊ त्या सकाळी फोनवर होता. फंबल झाल्यावर त्याने विचारले, “आता बदलतील का रे त्याला?” मी पडद्यावर ती कोसळलेली रांग पुन्हा एकदा पाहिली आणि त्याला म्हणालो, “नाही, आणि बदलूही नये.”